पन्नास मिलिसेकंदांची मुदत

मायनक्राफ्ट खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला ‘लॅग’ म्हणजे काय ते विचारा, तो लगेच करून दाखवेल. दगडाचा ठोकळा फोडला, तो नाहीसा झाला, आणि क्षणभराने पुन्हा जागच्या जागी उभा. समोरची गाय चालता चालता गोठते आणि एकदम दहा पावलं पुढे जाऊन पडते. अशा वेळी पहिला संशय इंटरनेटवर जातो. स्पीड टेस्ट करून पाहिली तर वेग १०० एमबीपीएस, पिंग २० मिलिसेकंद. मग सर्व्हर सांभाळणारा, म्हणजे बहुतेक वेळा मित्रांपैकीच कुणीतरी, यंत्राकडे वळतो. आठ कोअरचा प्रोसेसर आहे, त्याचा वापर जेमतेम १३ टक्के. निम्मी मेमरी मोकळी. इंटरनेट ठीक, यंत्र जवळपास रिकामं, आणि खेळ मात्र अडखळतो आहे.

हे कोडं सुटलं की खेळाच्या सर्व्हरसाठी लिनक्स कसं निवडायचं आणि त्यात काय बदलायचं, यातलं बरंचसं आपोआप उलगडतं. यंत्र दिवसभरात एकूण किती काम उरकतं याला इथे फारसं महत्त्व नाही. प्रत्येक छोटं काम त्याच्या ठरलेल्या मुदतीत संपतं का, यावर सगळं अवलंबून आहे. वेबसाइटचं पान एरवीपेक्षा पाव सेकंद उशिरा उघडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खेळात पाव सेकंद म्हणजे दरीच्या कडेला उभं राहणं आणि दरीत पडणं, यांतलं अंतर.

जग टिक-टिक करत पुढे सरकतं

एकत्र खेळताना खेळाचं खरं जग सर्व्हरवर असतं, आपल्या पडद्यावर त्याची प्रत दिसते. आपण ठोकळा फोडला की आपला संगणक तो लगेच गायब करून दाखवतो, कारण दर वेळी सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसलं तर खेळणंच नकोसं होईल. पण ठोकळा खरोखर फुटला का, हे ठरवण्याचा अधिकार सर्व्हरचा. त्याच्या हिशेबात तो अजून शाबूत असेल, तर आपल्या पडद्यावरही तो परत येतो.

सर्व्हर हे जग अखंड चालवत नाही. तो ते छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढे नेतो. अशा एका पायरीला ‘टिक’ म्हणतात. मायनक्राफ्टमध्ये एका सेकंदात २० टिक होतात, म्हणजे एका टिकची मुदत ५० मिलिसेकंद. तेवढ्यात सर्व्हरला खेळाडूंच्या हालचाली वाचायच्या असतात, प्रत्येक प्राण्याने आता कुठे जायचं ते ठरवायचं असतं, वाहतं पाणी पुढे सरकवायचं असतं, पिकं वाढवायची असतात, रेडस्टोनच्या तारांमधले संकेत पोचवायचे असतात आणि हे सगळं प्रत्येकाला कळवायचं असतं. काम ३० मिलिसेकंदांत संपलं तर उरलेले २० तो झोप काढतो. काम ६० मिलिसेकंदांचं निघालं तर पुढचा टिक १० मिलिसेकंद उशिरा सुरू होतो. उशीर थोडा असेल तर पुढचे टिक घाईने उरकून सर्व्हर तो भरून काढतो. फारच मागे पडला तर राहिलेला हिशेब सोडून देतो आणि आपल्यावर भार जास्त झाल्याची ओळ लॉगमध्ये लिहितो. खेळाडूंना दिसणाऱ्या उड्या त्या याच.

नेमबाजीच्या खेळांत मुदत आणखी कडक. काउंटर-स्ट्राइक २ चा सर्व्हर सेकंदाला ६४ टिक करतो, म्हणजे प्रत्येकाला साधारण १५.६ मिलिसेकंद. व्हॅलोरंटमध्ये १२८ टिक असतात, तिथे एका टिकच्या वाट्याला ७.८ मिलिसेकंदच येतात.

इथे सरासरी फसवते. मायनक्राफ्टच्या एका मिनिटात १,२०० टिक होतात. त्यातले १,१९५ टिक २० मिलिसेकंदांत संपले आणि उरलेल्या पाचांना प्रत्येकी ८०० मिलिसेकंद लागले असं धरा. सरासरी निघते २३ मिलिसेकंद, मुदतीच्या निम्म्याहून कमी. आकडा पाहून सर्व्हर ठणठणीत वाटेल. खेळणाऱ्याला मात्र मिनिटाला पाच जबर झटके बसले. म्हणून सर्व्हरची तब्येत पाहायची ती त्याच्या सर्वांत वाईट टिकांवरून.

आठ कोअर आणि साडेबारा टक्के

आता त्या १३ टक्क्यांकडे. पंगतीत आमटीचं भांडं एकच आहे आणि ते एकाच वाढप्याच्या हातात आहे असं समजा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच जाणार. मांडवात आणखी सात वाढपी हात बांधून उभे असले तरी आमटीची फेरी या एकाच्याच चालीने संपते. आठांतले सात मोकळे आहेत हे खरं, पण शेवटच्या पानावर बसलेल्याला त्याचा काही उपयोग नाही.

मायनक्राफ्टच्या सर्व्हरमध्ये टिकचं मुख्य काम असंच एका कोअरवर, एकापाठोपाठ एक चालतं. नवा भूभाग तयार करणं, प्रकाशाचा हिशेब, इंटरनेटवरची देवघेव ही कामं इतर कोअरवर जाऊ शकतात. मूळ फेरी मात्र वाटून देणं अवघड, कारण तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. पिस्टनने ठोकळा ढकलला, त्यावरची वस्तू पडली, ती खालच्या हॉपरने ओढून घेतली, यात प्रत्येक घटना आधीच्या घटनेवर टेकलेली आहे. दोन कोअर एकाच जागी एकाच वेळी लुडबुड करू लागले तर एका हिऱ्याचे दोन हिरे होतील. आठ कोअरपैकी एक पूर्ण जुंपलेला आणि बाकीचे निवांत असले की एकूण वापर दिसतो १०० भागिले ८, म्हणजे साडेबारा टक्के. यंत्र रिकामं दिसत होतं, पण ज्या एका कोअरवर खेळ उभा होता तो दमला होता.

हे समजलं की खरेदीचा निर्णय बदलतो. एएमडीच्या एपिक ९६५४ या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरमध्ये ९६ कोअर आहेत, पण त्याचा कमाल वेग ३.७ गिगाहर्ट्झ. त्याच कंपनीचा घरगुती संगणकासाठीचा रायझन ९ ७९५०एक्स फक्त १६ कोअरचा, पण त्याचा एखादा कोअर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. शेकडो वेबसाइट चालवायच्या तर पहिला. मित्रांचा एक मायनक्राफ्ट सर्व्हर चालवायचा तर दुसरा, आणि तो बराच स्वस्तही पडतो. टिकचं काम अनेक कोअरांवर वाटायचा प्रयत्न झालेलाच नाही असं नाही. २०२३ मध्ये आलेलं फोलिया हे सर्व्हर सॉफ्टवेअर एकमेकांपासून लांब असलेले भूभाग वेगवेगळ्या कोअरवर चालवतं. पण खेळाडू जगभर पांगलेले असतील तरच त्याचा फायदा होतो, आणि पुष्कळ प्लगिन त्यावर बदल केल्याशिवाय चालत नाहीत.

भाड्याचं यंत्र घेणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी. स्वस्त व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या यंत्राचा भाड्याने दिलेला तुकडा. शेजारच्या भाडेकरूंचं काम वाढलं की आपल्या वाट्याचा कोअर काही क्षण त्यांच्याकडे जातो. आपलं लिनक्स या चोरीला गेलेल्या वेळेचा हिशेब ठेवतं. ‘टॉप’ ही कमांड चालवली की प्रोसेसरच्या ओळीत ‘एसटी’ या अक्षरांपुढे टक्केवारी दिसते. शनिवारी संध्याकाळी ती सतत शून्याच्या वर राहत असेल, तर आपल्या बाजूने कितीही सेटिंग बदलली तरी उपयोग नाही. यंत्र बदलायचं, एवढाच उपाय.

अंतर आणि घरचा सर्व्हर

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद. मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे ६,५०० किलोमीटर, म्हणजे किमान ६५. समुद्राखालच्या केबल वळसे घेत जातात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतात. कुठलंही लिनक्स हे अंतर कमी करू शकत नाही. खेळणारे पुणे, नाशिक, कोल्हापूरचे असतील तर सर्व्हर मुंबई-पुण्यातच असावा. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं केंद्र २०१५ पासून आणि ॲमेझॉनचं मुंबईतलं २०१६ पासून सुरू आहे, शिवाय नवी मुंबईत डेटा सेंटर पुष्कळ आहेत. निम्मे मित्र पुण्यात आणि निम्मे न्यू जर्सीत असतील तर युरोपातला सर्व्हर दोघांनाही जवळपास सारखाच दूर पडतो. अशा गटाला तो न्याय्य वाटतो.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घरीच सर्व्हर चालवण्याची हौस मला मनापासून आवडते. शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. मात्र आधी राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. बाहेरचा मित्र तुमच्या घरापर्यंत पोचूच शकणार नाही, मग राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा. स्वतंत्र स्थिर पत्ता विकत घ्यावा, किंवा सगळ्यांकडे असेल तर आयपीव्ही६ वापरावं.

घरच्या सर्व्हरला आणखी एक त्रास होतो. घरातला एखादा फोन रात्री फोटोंचा बॅकअप चढवू लागला की बाहेर जाणारी वाट भरते आणि खेळाची चिमुकली पाकिटं त्या मोठ्या फायलींच्या मागे रांगेत अडकतात. लिनक्सवर यासाठी उत्तम उपाय आहेत: २०१२ पासून कर्नेलमध्ये असलेलं एफक्यू-कोडेल आणि २०१८ मध्ये आलेलं केक. दोन्ही प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवतात, त्यामुळे छोट्या पाकिटांना मोठ्या फाइलमागे थांबावं लागत नाही. ते राउटरवर बसवले तर पूर्ण फायदा होतो, कारण रांग तिथेच साचते.

कोणतं लिनक्स?

लिनक्स एकच नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेलं कर्नेल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कवर ताबा ठेवणारा गाभा, सर्वत्र तोच असतो. त्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी रचलेले संच म्हणजे डिस्ट्रिब्युशन: डेबियन, उबंटू, अल्मालिनक्स, आर्च वगैरे. यांतलं सर्वांत वेगवान कोणतं, यावर तरुण मंडळी तासन्‌तास वाद घालतात. एकाच कर्नेलवर, एकाच यंत्रावर टिकच्या वेळेत पडणारा फरक इतका थोडा असतो की त्यासाठी निवड करू नये. निवड दुसऱ्या गोष्टींवर करावी.

पहिली गोष्ट, तुमच्या खेळाला जे लागतं ते त्यात आयतं मिळतं का. मायनक्राफ्टचा सर्व्हर जावावर चालतो; १.२०.५ या आवृत्तीपासून त्याला किमान जावा २१ लागतं. डेबियन १२ च्या भांडारात जावा १७ आहे, २१ नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आणि उबंटू २४.०४ मध्ये २१ मिळतं. स्टीमवरच्या खेळांचे सर्व्हर उतरवायला स्टीमसीएमडी लागतं. ते अजून ३२ बिटचं आहे आणि त्याला ग्लिबसी हे पायाभूत ग्रंथालय लागतं. अल्पाइन लिनक्स अतिशय हलकं आणि सुबक आहे, पण त्यात ग्लिबसीऐवजी मसल असतं, म्हणून स्टीमसीएमडी तिथे सरळ चालत नाही. हलकं लिनक्स घेतलं म्हणून सर्व्हर वेगवान होत नाही आणि वर हा खटाटोप मागे लागतो.

दुसरी गोष्ट, सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षं येत राहणार. उबंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ पाठिंब्याच्या, आवृत्त्यांना ती पाच वर्षं मिळते, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्सला दहा. २०२० च्या डिसेंबरमध्ये सेंटओएस ८ या डिस्ट्रिब्युशनचा पाठिंबा ठरल्यापेक्षा आधीच संपणार असं जाहीर झालं आणि २०२१ अखेर तो खरंच संपला. तेव्हा असंख्य लोकांना चालते सर्व्हर हलवावे लागले. अल्मा आणि रॉकी त्याच गरजेतून उभी राहिली. आर्चसारखी रोज बदलणारी डिस्ट्रिब्युशन स्वतःच्या टेबलावर छान, पण ज्या यंत्रावर दहा मित्रांनी महिनोन्‌महिने बांधलेलं गाव आहे त्यावर ती ठेवू नये.

माझं मत विचाराल तर डेबियन स्टेबल किंवा उबंटू एलटीएस, पडद्यावरच्या खिडक्या-चित्रांशिवाय, फक्त कमांडवर चालणारं. अडचण आली तर या दोहोंवर आधीच कुणीतरी उत्तर शोधून ठेवलेलं असतं, आणि रात्री अकरा वाजता सर्व्हर पडला असताना त्याचं मोल फार असतं.

कर्नेलच्या कळा: कोणत्या दाबायच्या?

काउंटर-स्ट्राइक १.६ च्या काळात सर्व्हर चालवणारे लिनक्सचं कर्नेल स्वतः बांधून घ्यायचे. कर्नेलचं घड्याळ तेव्हा सेकंदाला ठरावीक वेळा ठोके द्यायचं, समजा १००. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये १० मिलिसेकंद. एखाद्या प्रोग्रॅमने ‘मला तीन मिलिसेकंदांनी उठव’ असं सांगितलं तरी पुढचा ठोका पडेपर्यंत तो झोपूनच राहायचा. म्हणून ठोके १,००० करून घ्यायचा सल्ला होता आणि तो बरोबरही होता. २००६-०७ च्या सुमारास कर्नेलमध्ये सूक्ष्म टायमर आले आणि झोपलेला प्रोग्रॅम ठोक्याची वाट न पाहता वेळेवर उठू लागला. कारण संपलं, तरी तो सल्ला आजही एका मार्गदर्शिकेतून दुसरीत उतरत राहतो. तसंच रिअल-टाइम कर्नेलचं. पीआरईईएमपीटी-आरटी हा बदल जवळपास वीस वर्षांच्या मेहनतीनंतर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये आला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो मायक्रोसेकंदांची हमी देण्यासाठी आहे, यंत्रमानवाच्या हातासाठी, ध्वनिमुद्रणासाठी. पन्नास मिलिसेकंदांची मुदत असलेल्या खेळाला त्याची गरज नाही, उलट एकूण कामाचा वेग थोडा घटतो.

खरोखर फरक पाडणारी कळ वेगळीच आहे: प्रोसेसरचा गव्हर्नर. वीज वाचावी म्हणून लिनक्स प्रोसेसरचा वेग भारानुसार कमी-जास्त करतं, आणि भार किती आहे हे कोअर किती वेळ जागा होता यावरून ओळखतं. खेळाचा सर्व्हर तर प्रत्येक टिकनंतर झोपतो. ५० पैकी २० मिलिसेकंद काम आणि ३० झोप असेल तर कर्नेलला भार ४० टक्के दिसतो आणि ते वेग उतरवतं. तेवढ्यात कुणीतरी बारूद पेटवतं, एका टिकचं काम तिप्पट होतं आणि ते मंदावलेल्या कोअरच्या वाट्याला येतं. वेग पुन्हा चढेपर्यंत टिक लांबलेला असतो. स्वतःच्या यंत्रावर गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवला की हा प्रश्न मिटतो. विजेचं बिल थोडं वाढतं. इंटेलच्या नव्या प्रोसेसरवर ‘पॉवरसेव्ह’ असं नाव दिसलं तरी वेग तळाला बांधलेला नसतो, भार पाहून तो वाढतो. तिथे फरक लहान पडतो. व्हीपीएसवर ही कळ सहसा आपल्या हातात नसतेच.

आता शेड्युलर. कोणत्या कोअरवर कोणतं काम केव्हा चालेल हे ठरवणारा कर्नेलचा हा भाग. २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या ६.६ आवृत्तीपासून त्याची जुनी पद्धत जाऊन ईईव्हीडीएफ ही नवी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक कामाला एक मुदत दिली जाते आणि जवळची मुदत आधी पाहिली जाते. कमी वेळ लागणाऱ्या, पण वेळेवर व्हाव्या लागणाऱ्या कामांना ही विचारसरणी मानवते. आपल्याला करण्यासारखी गोष्ट साधी आहे: ‘नाइस’ हा आकडा. तो उणे २० ते १९ असतो, आणि जितका जास्त तितकं ते काम दुसऱ्यांना पुढे जाऊ देतं. सर्व्हरचा आकडा उणे करण्यापेक्षा बॅकअप, झिप करणं, नकाशा काढणं यांचा १९ करावा. खेळाला एकाच कोअरवर बांधून टाकण्याचा सल्लाही फिरत असतो. जावाच्या बाबतीत तो घातक आहे. मेमरी साफ करणारे धागेही, म्हणजे जावाची समांतर चालणारी कामंही, त्याच कोअरवर दाटतात आणि मुख्य काम थांबतं.

मेमरी: जास्त दिली की जास्त चांगलं?

जावातला प्रोग्रॅम वापरलेली मेमरी स्वतः परत करत नाही. वापरून टाकलेल्या गोष्टी साठत जातात आणि अधूनमधून जावा झाडू मारतं. या झाडलोटीच्या काही टप्प्यांत खेळ पूर्ण थांबवावा लागतो. तो विराम २० मिलिसेकंदांचा असला तर टिकमध्ये जिरतो, ५०० चा असला तर सगळ्यांना दिसतो. २०१७ पासून जावाचा ठरीव झाडूवाला जी१ आहे आणि बहुतेक सर्व्हरांना तो पुरतो. जावा २१ मध्ये सुधारलेला झेडजीसी एका मिलिसेकंदाहून लहान विराम घेतो, पण मोकळे कोअर आणि जादा मेमरी मागतो. तुमच्याकडे दोन्ही असेल तर जरूर वापरून पाहा.

सर्वांत वाईट झटके मात्र जावातून येत नाहीत. जावा आणि लिनक्स यांच्यामधल्या गैरसमजातून ते येतात. आठ जीबीच्या यंत्रावर जावाला आठही जीबी दिले असं समजा. जावाला त्या आठांशिवाय स्वतःच्या कामाला आणखी मेमरी लागते, लिनक्सलाही लागते. जागा पुरत नाही, मग लिनक्स बराच वेळ न वापरलेले भाग उचलून डिस्कवरच्या स्वॅपमध्ये ठेवतं. एरवी हे शहाणपणाचं आहे. पण जावाची झाडलोट सुरू झाली की काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे पाहायला ती जिवंत वस्तूंना एकदा हात लावते. डिस्कवर गेलेले ते भाग आता एकेक करून परत आणावे लागतात. मेमरीतून वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीवरूनही साधारण शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. असे लाखभर तुकडे परत आणायचे झाले तर दहा सेकंद खेळ बंद. मित्र म्हणतात सर्व्हर हँग झाला. लिनक्स आणि जावा दोघंही आपापल्या जागी बरोबर वागत असतात.

म्हणून आठ जीबीच्या यंत्रावर जावाला पाच-साडेपाच द्यावेत. सुरुवातीची आणि कमाल मेमरी एकच ठेवावी, म्हणजे खेळ चालू असताना जागा वाढवायची वेळ येत नाही. स्वॅपकडे किती लवकर वळायचं हे सांगणारा ‘स्वॅपिनेस’ हा आकडा मुळात ६० असतो, तो १० करावा. स्वॅप पूर्ण काढून टाकणं मला पटत नाही. खरोखर मेमरी संपली तर कर्नेल सर्वांत मोठा प्रोग्रॅम सरळ मारून टाकतं, आणि या यंत्रावर सर्वांत मोठा प्रोग्रॅम म्हणजे तुमचा खेळ.

पहाटे तीनचा बॅकअप सकाळी साडेआठला

मायनक्राफ्टचं जग डिस्कवर १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चंकमध्ये असतं, आणि ३२ बाय ३२ चंकची एक फाइल. खेळाडू चालत गेला की नवे चंक वाचले जातात, जुने लिहिले जातात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर हे त्रासाचं होतं, एसएसडीवर सहसा जाणवत नाही. डिस्कचा खरा शत्रू म्हणजे बॅकअप. तो एकदम सगळ्या फायली वाचू लागतो. शिवाय चालू जगाची प्रत घेताना अर्धी फाइल आधीची आणि अर्धी नंतरची, असं होऊ शकतं. म्हणून आधी खेळाला ‘सेव्ह-ऑफ’ सांगून लिहिणं थांबवायचं, ‘सेव्ह-ऑल’ने हातातलं सगळं डिस्कवर उतरवायचं, प्रत घ्यायची आणि मग ‘सेव्ह-ऑन’. शेवटची पायरी विसरली तर दिवसभराचा खेळ कुठेच जपला जात नाही.

भाड्याच्या यंत्रांचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. बॅकअप ‘पहाटे तीन’ला लावला तर तो आपल्या सकाळी साडेआठला धावतो. डेबियनची रोजची घरकामं ६:२५ ला सुरू होतात, ती आपल्या ११:५५ ला. दुपारच्या जेवणाआधी ‘रोज याच वेळी लॅग येतो’ अशी तक्रार असेल, तर सर्वांत आधी हे घड्याळ पाहावं.

सर्व्हर सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सवरचे प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाच्या, ताब्यात द्यावा, म्हणजे पडला तर तो आपोआप उठतो. एक सेटिंग मात्र विसरू नये. थांबायला सांगितल्यावर सिस्टिमडी मुळात ९० सेकंद वाट पाहतं आणि मग प्रोग्रॅम मारून टाकतं. मोठं जग जपून ठेवायला त्याहून वेळ लागत असेल तर ही मुदत वाढवावी.

चौकट: लॅग आला, आधी काय पाहावं?
• एकाच खेळाडूला त्रास असेल तर त्याचं इंटरनेट किंवा अंतर. सगळ्यांना एकदम असेल तर सर्व्हर.
• एक कोअर १०० टक्क्यांवर असेल तर टिकचं काम जास्त झालं आहे.
• ‘एसटी’ची टक्केवारी वर असेल तर शेजारी भाडेकरू.
• ठरावीक वेळानं मोठा झटका बसत असेल तर झाडलोट, बॅकअप किंवा घरकामं.
• स्वॅपची देवघेव चालू असेल तर जावाला दिलेली मेमरी कमी करा.

दार बंद ठेवा

२०२१ च्या ९ डिसेंबरला लॉगफोरशेल नावाची फट उघडकीला आली. मायनक्राफ्टच्या चॅटमध्ये विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हरवर परक्याचा प्रोग्रॅम चालवता येत होता. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती आली. ज्यांनी खेळ ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी खात्यावर चालवला होता, त्यांनी अख्खं यंत्र उघडं टाकलं होतं. ज्यांनी त्यासाठी वेगळं, अधिकार नसलेलं खातं केलं होतं, त्यांचं नुकसान खेळाच्या फोल्डरपुरतं राहू शकत होतं. असं खातं करायला दोन मिनिटं लागतात. फायरवॉलमध्ये खेळाचं पोर्ट, मायनक्राफ्टचं २५५६५, तेवढंच उघडावं. दुरून आज्ञा देण्याचं २५५७५ कधीही नाही, कारण त्यावरून पासवर्ड उघडाच जातो.

मोजा, मग बदला

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती गर्दीच्या वेळी मोजावी. रिकाम्या सर्व्हरवर सगळेच उपाय यशस्वी दिसतात. पेपर या सर्व्हरवर ‘एमएसपीटी’ ही आज्ञा एका टिकला लागलेली सरासरी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळ दाखवते. तिसरा आकडा पाहावा. टिकचा वेळ नेमका कुठे जातो हे हवं असेल तर स्पार्क हे मोफत साधन प्रत्येक कामाचा वाटा उलगडून दाखवतं.

बऱ्याचदा तिथे लिनक्सचं नावही नसतं. खेळाडूभोवती किती अंतरापर्यंतचं जग दाखवायचं ते ठरवणारं ‘व्ह्यू डिस्टन्स’ मुळात १० असतं. म्हणजे प्रत्येकाभोवती २१ बाय २१, एकूण ४४१ चंक. ते ६ केलं की १६९ उरतात. १.१८ पासून किती अंतरापर्यंतचे प्राणी आणि यंत्रं प्रत्यक्ष चालवायची हे ‘सिम्युलेशन डिस्टन्स’ने वेगळं ठरवता येतं. ते कमी करून पहिलं थोडं जास्त ठेवलं तर दूरचे डोंगरही दिसतात आणि टिकही हलका राहतो. कर्नेलची कुठलीही कळ एवढा फरक पाडत नाही. आणि कधी कधी स्पार्कच्या यादीत सर्वांत वर येतात ते एकाच खोलीत कोंबलेले खेळातले अडीचशे गावकरी. दर टिकला त्यांतला प्रत्येक जण बाहेर पडायची वाट शोधत असतो. मग सर्व्हर सांभाळणाऱ्याने ती खोली बांधणाऱ्या मित्राला फोन करायचा आणि निम्मे गावकरी कमी करायला सांगायचं.